सुरतेहून आणलेला बिनचमकीचा स्पंज

सुरतेला जाऊन आलो असं सांगितलं की नागपूरचे लोक दोनच गोष्टी विचारतात. साड्या आणल्या का, आणि तिथली घारी ही मिठाई आणली का. मी दोन्ही आणलं नाही. जाताना ॲल्युमिनियमच्या डब्यात स्पंजाचे तीन तुकडे नेले आणि येताना दोन आणले. तिसऱ्याचा तिथेच चुरा झाला. एवढ्यासाठी रजा खर्ची घालून सुरतेला कशाला गेलो, हे आधी सांगायला हवं.

मी एका प्रयोगशाळेत तांत्रिक साहाय्यक आहे. आमच्या विभागात इंधनघटावर काम चालतं. या घटाला एका बाजूनं हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूनं हवा देत राहिलं की वीज मिळत राहते. आमचा घट भट्टीत बसतो. त्याची मुख्य चकती चिनी मातीच्या बशीच्या जातीची, पण पोस्टकार्डाइतकी पातळ, आणि नऊशे अंशांना तापल्याशिवाय ती काम करत नाही. वीज तिच्या साऱ्या अंगावर तयार होते. ती सगळीकडून गोळा करून तारेपर्यंत आणायची, इथे आमचं घोडं अडलं होतं. हायड्रोजनच्या बाजूला निकेलची जाळी ठेवली तर ती चकतीच्या उंचवट्यांनाच टेकते. नीट टेकावी म्हणून दाब वाढवला तर चकती तडकते. अशा तडकवलेल्या चकत्यांनी आमचा एक खण भरला आहे. चांगल्या अशा तीनच उरल्या होत्या.

आमच्या विभागप्रमुख वैद्य मॅडम. त्यांना जाळीऐवजी निकेलचा स्पंज हवा होता. स्पंज दाबला की दबतो, उंचसखल जागी सारखा टेकतो, आणि त्याच्या भोकांतून हायड्रोजनही आरपार जातो. परदेशात तो विकत मिळतो, पण आमची मागणी कुठल्या टेबलावर पडून होती कोणास ठाऊक. दिल्लीहून तपासणीला माणसं यायची होती. त्यांच्यासमोर घट चालला तर काम पुढे, नाही तर विभाग बंद आणि मॅडमची इतक्या वर्षांची मेहनत कपाटात. मला दुसऱ्या विभागात टाकलं असतं, माझं काही बिघडलं नसतं. पण त्या चकत्या भाजताना मीही रात्रपाळ्या केल्या होत्या.

निकेलचा स्पंज करायची रीत पुस्तकात सोपी दिसते. साधा, भोकाभोकांचा स्पंज घ्यायचा, आरशाला देतात तसा त्याला चांदीचा पातळ लेप द्यायचा, मग विजेनं त्यावर निकेलचा मुलामा चढवायचा, आणि शेवटी आतला स्पंज जाळून टाकायचा. मागे निकेलचा सांगाडा उरतो. आम्ही करून पाहिलं. बाहेरून निकेल चढे आणि आतून स्पंज कोरडाच राही.

घरी जेवताना हे बोलत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "सुनंदाचे मिस्टर सुरतेला दोऱ्यावर मुलामा चढवतात ना? दोऱ्यावर चढतो तर स्पंजावर का नाही चढणार?"

सुनंदा तिची धाकटी बहीण. तिचा नवरा प्रल्हाद, म्हणजे माझा साडू, जरीच्या कारखान्यात मुलाम्याच्या हौदावर असतो. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा. पण परत या वेळेत."

गोडादरा

गाडीत समोरच्या बाकावर एक भुसावळचे गृहस्थ होते. मी डबा तिसऱ्यांदा उघडून आतले चांदीचा लेप देऊन आणलेले काळपट तुकडे पाहिले तेव्हा त्यांना राहवलं नाही. "भांडी घासायचे तुमच्याकडे मिळत नाहीत का हो?" मी घटापासून सुरुवात केली. नंदुरबार येईपर्यंत ते झोपी गेले होते.

सुरतेला उतरलो आणि पहिल्यांदा रस्ता पाहिला. दोनतीन वर्षांपूर्वीच्या त्या प्लेगच्या साथीनंतर बायकोसमोर सुरतेचं नाव घेतलं असतं तरी तिनं कपाळाला आठ्या घातल्या असत्या. आता रस्ता झाडलेला, कचऱ्याच्या पेट्या जागच्या जागी, आणि पान थुंकणाऱ्याला दुसराच माणूस हटकताना मी डोळ्यांनी पाहिला. आमच्या सदर बाजारात असं कुणी हटकलं तर त्याचीच गंमत व्हायची.

गोडादऱ्यात सुनंदाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. दारात उभा राहिलो तर आतून आवाज आला, "जयभीम दाजी! कवय उनात?" आणि कधी आलात याचं मी उत्तर द्यायच्या आत ती आत वळून ओरडली, "अहो, देखा ना, दाजी उनात!" सासरमाहेर दोन्ही खानदेशचं, त्यामुळे या घरात अहिराणीच चालते. पोरं मात्र आपसांत गुजराती बोलतात. धाकटीनं मला "मासा" म्हणून हाक मारली. मावशीच्या नवऱ्याला गुजरातीत तसंच म्हणतात, हे सुनंदानं हसून हसून सांगितलं.

या वस्तीत शांतता नावाची गोष्ट नाही. घराला लागून माग आहेत आणि ते दिवसभर खटखटत असतात. चहाचा कप जमिनीवर ठेवला की चहावर बारीक लहरी उठतात. सुनंदाला ते ऐकूही येत नाही. वीज जाऊन माग थांबले की ती दचकून म्हणते, "काय झालं?" मला त्या खटखटीत बसवत नव्हतं. जेवताना डाळीत गूळ लागला, तोही नीट कळला नाही. मी हात धुऊन लगेच डबा पुढे केला.

प्रल्हाद पंचेचाळिशीचा, सडपातळ, बोटांची नखं कायमची हिरवट झालेली. त्यानं एक तुकडा उचलला, दाबला, सोडला, तोंडाजवळ नेऊन फुंकला. पलीकडे धरलेल्या माझ्या हाताला वारा लागला.

"आरपार आहे," तो म्हणाला. "साडूभाऊ, तुमच्याकडे करंट किती सोडत होते?"

मी आकडा सांगितला.

"मग बरोबर आहे. एवढ्या घाईनं सोडलं तर निकेल दारातच बसणार. आत कशाला जाईल? हळू सोडायचं, आणि माल हलता ठेवायचा. दोरा कसा, हौदातून चालत असतो. हा चालत नाही, तर याला आपण हलवू."

सुनंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दाजी, यांना काम सांगा, पण भाव ठरवू नका. सख्ख्या भावाला यांनी असं ऐकवलं, की ते अजून येत नाहीत."

"तो भाव ठरवायला आलाच नव्हता, उधार मागायला आला होता," प्रल्हाद म्हणाला.

कारखाना

कारखाना उधन्याच्या बाजूला. नाव कारखाना, पण आकार आमच्या सायकल स्टँडएवढा. एका भिंतीला लांबट हौद, आणि त्यांतून शेकडो दोरे एकाच वेळी सरकत जातात. तांब्याची बारीक तार रेशमावर गुंडाळलेली असते. ती हौदातून निघाली की पिवळी होऊन बाहेर पडते. पाहत राहावं असं दृश्य आहे. पण मला ते दोरे सरकताना पाहून आपलाच वेळ सरकतोय असं वाटत राहिलं.

शेठ दारातच खुर्ची टाकून बसले होते. सुरतेत शिवी हे विरामचिन्ह आहे, हे मी ऐकून होतो. शेठनी प्रल्हादला दोन, पंख्याला एक आणि वीज मंडळाला तीन शिव्या दिल्या. कुणीच मनाला लावून घेतलं नाही, पंखाही नाही. मग त्यांनी माझा तुकडा हातात घेतला.

"आ शुं छे, वासण घसवानुं?"

सुरत आणि भुसावळ यांचं एकमत झालं.

प्रल्हादनं त्यांना समजावलं. शेठनी मान हलवली आणि कोपऱ्यातला नमुन्याचा छोटा निकेलचा हौद दिवसभरासाठी दिला. मी आभार मानले तर त्यांनी मलाही एक शिवी दिली. प्रल्हाद म्हणाला, "तुम्ही आता घरचे झाले."

त्यानं तुकडा तारेच्या चौकटीत ताणून बसवला, दोन्ही बाजूंना निकेलच्या पट्ट्या टांगल्या, करंट अगदी कमी ठेवला आणि चौकट हातानं पुढेमागे हलवत बसला. पाखडताना सूप हलतं तशी, पण पाण्यात. थोड्या थोड्या वेळानं मी काटा पाहायचो.

"वाढवू या का थोडा?"

"नाही."

"आता तरी?"

"साडूभाऊ, तुम्ही बाहेर चहा पिऊन या."

मी चहा पिऊन आलो. परत विचारलं. त्यानं चौकटच माझ्या हातात दिली. दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले आणि मी विचारायचं बंद केलं.

संध्याकाळी तुकडा बाहेर आला तेव्हा सगळे कामगार गोळा झाले. आरशासारखा चमकत होता. एकेक भोक, एकेक बारीक दांडी लखलखत होती, जणू चांदीचं मधाचं पोळं. जरीच्या नाजूक तराजूवर वजन केलं. जेवढं निकेल चढायला हवं होतं, तेवढं चढलं होतं. मी ब्लेडनं एक कोपरा कापून आत पाहिलं. आतही निकेल. आमच्या प्रयोगशाळेत जे कधी जमलं नव्हतं, ते एका दिवसात झालं होतं. शेठ म्हणाले, "आने कहेवाय माल!" याला म्हणतात माल.

दुसऱ्या दिवशी आतला स्पंज जाळायचा होता. आमच्याकडे त्यासाठी हायड्रोजनची भट्टी आहे, पण चांगलं की वाईट हे इथेच कळायला हवं होतं. जरीवाले तांब्याची तार मऊ करायला लोखंडी डब्यात कोळशाची भुकटी भरतात, तार आत ठेवून झाकण मातीनं लिंपतात आणि डबा लाल होईपर्यंत तापवतात. कोळशामुळे धातू काळा पडत नाही. मी तेच करायला सांगितलं. शंका राहू नये म्हणून आमच्या प्रयोगशाळेत केलेल्या एका अर्धवट तुकड्याची, मी नमुन्याला आणलेली पट्टीही शेजारी ठेवली.

डबा गार झाल्यावर उघडला. दोन्ही तुकडे राखाडी दिसत होते. आमची पट्टी मी वाकवली. ती वाकली. सुरतेचा तुकडा उचलला आणि तो माझ्या चिमटीत पापडासारखा मोडला. पुन्हा दुसरीकडून उचलला, पुन्हा मोडला. शेवटी हातात चुरा आला.

प्रल्हादनं चुरा तळहातावर घेऊन बोटानं चोळून पाहिला. शेठनी एकही शिवी दिली नाही, आणि ते शिवीपेक्षा वाईट वाटलं.

पोंक

त्या संध्याकाळी सुनंदानं मला घरात बसू दिलं नाही. "दाजी, तोंड पाडून बसाल तर मी ताईला फोन करीन," म्हणाली आणि सगळ्यांना घेऊन तापीपलीकडे अडाजणला निघाली. पोंक खायला.

पोंक म्हणजे आपला हुरडा. पण आपण शेतात गोवऱ्यांच्या आगीवर कणीस भाजतो आणि तळहातावर चोळून खातो. हात काळे होतात, ओठ काळे होतात, आणि तीच मजा असते. सुरतेला कणसं भट्टीत भाजून कापडी पिशवीत घालून बडवतात, पाखडतात, आणि हिरवेगार दाणे तागडीत तोलून देतात. सोबत लिंबूमिऱ्याची शेव आणि साखरेचे बारीक पांढरे दाणे. चव हुरड्याचीच, पण हात स्वच्छ राहिल्यामुळे मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

वाटेत रस्त्याच्या कडेला खांबाखांबांना दोरे ताणून पतंगाचा मांजा घोटत होते. मूठभर गुलाबी लगदा हातात धरून कारागीर दोऱ्यावरून चालत जातात, वाळू देतात, पुन्हा चालतात. संक्रांत तोंडावर आली होती. हे शहर दोऱ्यावर काही ना काही चढवल्याशिवाय राहतच नाही. एरवी मी तिथे तासभर रमलो असतो. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. डबा तोच, आग तीच, कोळसा तोच. आमची पट्टी वाकली आणि यांचा तुकडा मोडला. म्हणजे खोट भट्टीत नाही, हौदात आहे. पण हौदात काय?

प्रल्हाद पोंकावर साखरेचे दाणे टाकत होता. "घ्या ना साडूभाऊ. ही खरी साखर आहे. आमच्या हौदातली नाही."

"हौदात साखर?"

"साखर कसली, सॅकरिन. बर्फाच्या गोळ्यावाले सरबतात घालतात ते. चिमूटभर टाकलं की निकेल आरशासारखं बसतं. त्याशिवाय का काल एवढी चमक आली?"

माझ्या हातातला पुडा तसाच राहिला. सॅकरिनमध्ये गंधक असतं. आमच्याकडे घटात सोडायच्या वायूमधून गंधकाचा मागमूस काढून टाकायला वेगळं नळकांडं लावलेलं आहे, कारण गंधक आणि निकेल एकत्र तापले की नऊशेच्या खूप आधीच वितळतात. ते वितळलेलं निकेलच्या कणाकणांमध्ये शिरतं आणि धातू भुसभुशीत होतो. वर चकतीलाही ते मारक. मी हे सगळं तिथेच, पोंकाच्या गाड्यासमोर, उभ्या उभ्या सांगितलं.

"म्हणजे चमक नको?" प्रल्हादनं विचारलं.

"अजिबात नको."

"मळकट दिसेल."

"दिसू दे."

तो बराच वेळ पोंक चावत राहिला. मग म्हणाला, "शेठचा हौद तर आता धुता येणार नाही. त्यात चमक मुरलेली आहे. नवा हौद लागेल. छोटा."

सुनंदानं दोघांकडे पाहिलं. "माझ्या बरणीकडे बघायचं नाही, सांगून ठेवते."

बरणी

बरणी चिनी मातीची, रुंद तोंडाची, कैरीच्या लोणच्याची. लोणचं पातेल्यात गेलं. सुनंदानं बरणी स्वतः राखेनं घासली, कारण आमच्या घासण्यावर तिचा विश्वास नव्हता. "लोणच्याचा खार राहिला तर तुमच्या मॅडमची वीज आंबट होईल," म्हणाली.

निकेलचे क्षार प्रल्हादच्या ओळखीच्या रसायनवाल्याकडून आणले. नवी पुडी, फोडलेली नाही, हे मी पाहून घेतलं. बोरिक पावडर औषधाच्या दुकानातून आणली. कॅरमच्या बोर्डावर टाकतात तीच. दुकानदारानं विचारलं, "मॅच छे?" करंट द्यायचं यंत्र शेठनी उसनं दिलं. बरणी गरम पाण्याच्या टोपात ठेवली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आमचा हौद तयार झाला. मागांच्या खटखटीनं त्यातल्या हिरव्या पाण्यावर लहरी उठत होत्या. प्रल्हाद म्हणाला, "अर्धं हलवायचं काम माग करतायत."

दुसरा तुकडा त्या बरणीत झाला. संध्याकाळी बाहेर काढला तर राखेच्या रंगाचा. पोरं पाहायला आली आणि लगेच खेळायला निघून गेली. मी एक पट्टी कापली, तिला कोळशाच्या डब्यात तापवलं आणि वाकवलं. वाकली. उलटी वाकवली. वाकली. प्रल्हादलाही वाकवायला दिली. "झालं की," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात आदल्या वेळचा जोर नव्हता. मला तेव्हा ते कळलं नाही. मी तेवढ्यातच स्टेशनवर जाऊन दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून आलो.

निघण्याचा दिवस

सकाळी सुनंदानं नाश्त्याला लोचो मागवला. खमण बिघडलं तर जसं दिसेल तसा दिसतो, पण चव उत्तम. वर तेल, शेव, कांदा. पहिल्यांदा मला चव नीट कळली. बॅग भरली होती. प्रल्हाद सकाळीच कारखान्यात जाऊन आला आणि त्यानं गुलाबी कागदात बांधलेला पुडा माझ्या हातात दिला. जरीचा माल ज्या कागदात बांधतात तो.

"काय हे?"

"तुमचा माल. असा उघडा कसा नेणार?"

मी पुडा उघडला. तुकडा लखलखत होता.

सुनंदानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग कागदाकडे. "अहो, तुम्ही काय करून ठेवलंत?"

"फक्त वरून," प्रल्हाद म्हणाला. "शेठच्या हौदात जरासा बुडवला. आतलं सगळं तसंच आहे, साडूभाऊ, मी काय वेडा आहे? पण निघताना माल असा मळकट द्यायचा? शेवटचा हात चमकीचाच असतो. कारखान्यातून बिनचमकीचा माल माझ्या हातून आजवर गेलेला नाही. तुमच्या मॅडम काय म्हणतील, सुरतेच्या माणसानं हे दिलं?"

"तुमले काही समजस का?" सुनंदा म्हणाली. "दाजी तीनदा सांगून राहिले, चमक नको, चमक नको!"

"मी वरून म्हणालो!"

मला ओरडायचं होतं. दुपारची गाडी, दिल्लीची माणसं, आणि डब्यात एकच तुकडा उरलेला. पण त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. पाहुणा निघताना त्याच्या पिशवीत नारळ घालावा तसं त्यानं केलं होतं. मी चमकता तुकडा उचलून त्याच्या तोंडासमोर धरला.

"प्रल्हादराव, फुंका."

त्यानं फुंकलं. वारा माझ्या गालाला लागला.

"वारा कुठून गेला?"

"आरपार."

"मग हौदातलं पाणी कुठून गेलं? दोऱ्याला वर असतं आणि आत असतं. याला वर कुठे आहे? हा सगळाच वर आहे."

त्यानं तुकडा माझ्या हातातून घेतला. मग त्यानं तो ब्लेडनं मधोमध थोडा चिरला. चिरेच्या आतही चमक दिसत होती. कमी, पण होती. त्यानं ब्लेड खाली ठेवलं.

"दोऱ्याचा हात पडला माझा," तो हळूच म्हणाला. मग सुनंदाकडे वळून, "बरणी काढ."

"तुमची गाडी, दाजी?" सुनंदा म्हणाली.

मी बॅग कोपऱ्यात सरकवली.

त्या दिवशी प्रल्हाद कारखान्यात गेला नाही. शेठनी माणूस पाठवला, त्याच्याकडून निरोपाच्या शिव्या आल्या आणि त्याच्याकडूनच सुनंदानं कोथिंबीर मागवली. प्रल्हाद उंबऱ्यावर बसून चौकट हलवत राहिला. मी समोर पाटावर बसलो. मध्येच माझा हात यंत्राच्या बटणाकडे गेला तर तो न पाहताच म्हणाला, "साडूभाऊ." मी हात मागे घेतला. आमचं त्या दिवसातलं एवढंच बोलणं.

तुकडा निघाला. मळकट, राखाडी, कुणी दिला तर भांडी घासायलाही घेणार नाही असा. पट्टी तापवून पाहिली. वाकली. प्रल्हादनं तुकडा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीनं, भुसावळपर्यंत उभा राहून, आलो. डबा बॅगेत ठेवला नाही.

नागपूर

आमच्या भट्टीत हायड्रोजनखाली तो तुकडा तापवून घेतला. आतला स्पंज गेला, निकेलचा सांगाडा राहिला, मऊ आणि हलका. चकतीवर ठेवून दाब दिला तेव्हा मॅडमनी डोळे मिटले होते. तडकल्याचा आवाज आला नाही.

दिल्लीची माणसं आली तेव्हा भट्टी बंदच होती, म्हणजे झाकलेली. आत काय आहे हे त्यांना फक्त मापकाच्या काट्यावर दिसणार. काटा सकाळी जिथे होता तिथेच संध्याकाळी होता. जाळी लावली असताना तो तासाभरात खाली घसरायचा. त्यातले एक गृहस्थ दोनदा मापकावर टिचकी मारून गेले, काटा अडकला असेल म्हणून. मॅडमनी टेबलावर प्रल्हादचा चमकता तुकडा ठेवला होता, स्पंज कसा दिसतो ते दाखवायला. तो सगळ्यांच्या हातांतून फिरला. काम पुढे चालू ठेवायला हरकत नाही, असं ते लोक जाताना सांगून गेले.

मी तसाच एसटीडी बूथवर गेलो. सुनंदाच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे. प्रल्हाद धापा टाकत आला. मागांची खटखट फोनमधूनही ऐकू येत होती.

"चालला?"

"चालला. दिवसभर."

"वा!" मग लगेच, "आणि तो चमकीचा?"

"तो मॅडमच्या टेबलावर. साहेब लोकांनी हातात घेऊन घेऊन पाहिला. छान आहे म्हणाले."

"आणि दुसरा? तो पाहून काय म्हणाले?"

"तो भट्टीत होता, प्रल्हादराव. तो कुणी पाहिलाच नाही."

"नंतर बाहेर काढाल तेव्हा?"

"चकतीला चिकटलेला असतो. काढताना तुटतो. पूर्ण असा तो कुणालाच दिसणार नाही."

बूथवाल्यानं मला मीटरकडे बोट दाखवलं.

"मग बरंच झालं," प्रल्हाद म्हणाला, "त्याला चमक नाही लावली. फुकट गेली असती."